उजव्या कोपऱ्यातल्या मावशी

आमच्या कॉलेजच्या क्रीडागृहात बूट घालून शिरलेला आणि बोलणी न खाता बाहेर आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकदा खुद्द प्राचार्य पाहुण्यांना हॉल दाखवायला घेऊन गेले. मावशींनी दारातच लांब दांड्याचा मॉप आडवा धरला आणि म्हणाल्या, "सर, बूट." सगळ्यांनी निमूटपणे बूट काढले. एका पाहुण्याच्या मोज्याला अंगठ्याजवळ मोठं भोक होतं, तेही सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून प्राचार्य पाहुण्यांना ग्रंथालय दाखवतात.

मावशी म्हणजे हॉलच्या मावशी. कागदोपत्री त्या क्रीडा विभागाच्या सफाई कर्मचारी, पण तो कागद कोणी वाचलेला नाही. एकोणीस वर्षं हॉल त्यांच्या ताब्यात आहे. सकाळी सहाला कुलूप उघडायचं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मॉप सरळ न्यायचा. मधे वळायचं नाही, वळलं की गोळा केलेली धूळ तिथेच सांडते. मग बॉल तपासायचे. प्रत्येक बॉल खांद्याच्या उंचीवरून सोडायचा, कमरेपर्यंत उसळला तर ठीक, नाहीतर पंप. मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या जर्सी त्या उलट्या करून धुतात, म्हणजे पाठीवरचे नंबर तडकत नाहीत. कोणाची शिवण कुठे उसवते, कोण सराव चुकवून आईला काय सांगते, हे सगळं त्यांना ठाऊक असतं.

आणि त्यांचा आवाज. मी संख्याशास्त्र शिकवतो. माझा वर्ग हॉलच्या वरच्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला. तरी संध्याकाळच्या तासाला सरासरी काढता काढता खालून "थांब गं!" ऐकू यायचं आणि माझी मागच्या बाकावरची मुलं लिहायची थांबायची. आधीही फार लिहीत नव्हती ती.

या "थांब"चं कारण साधं होतं. हॉलमध्ये रिंग दोन, पण एका बाजूला टेबल टेनिसची टेबलं मांडलेली. त्यामुळे संघाचा सगळा सराव एकाच रिंगखाली चालायचा. त्या रिंगकडे पाठ करून उभं राहिलं की उजव्या हाताच्या कोपऱ्यात न्हाणीघराची भिंत येते. त्या भिंतीतला नळ गेली सहा वर्षं झिरपत होता. मावशी दर तासाला तिथलं पाणी पुसायच्या, आणि तासाभरात फरशी पुन्हा ओली. तीन वर्षांपूर्वी एक नवीन आलेली मुलगी तिथे घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मावशींनी आपला रुमाल तिच्या हाताला बांधून तिला दवाखान्यात नेलं आणि प्लास्टर होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिल्या. मुलींना अडवायच्या त्या आधीपासूनच, पण त्या दिवसापासून कोणीही मुलगी त्या कोपऱ्याकडे धावली की मावशी डोळ्यांत तेल घालून बसलेल्याच असायच्या.

ती घसरलेली मुलगी म्हणजे आमची सात नंबर. संघात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत कमी बोलणारी. सांगितलेलं ऐकणारी अशी मुलगी मी तिच्याआधी पाहिली नव्हती.

मी या भानगडीत पडलो तो कोच मॅडममुळे. त्यांना कोणीतरी सांगितलं की हल्ली मोठे संघ आकडेवारी ठेवतात. आकडे म्हटल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तसं कबूल करायचा माझा स्वभाव नाही. मी वही घेतली, चार रंगांची पेनं घेतली आणि मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकू लागलो.

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला पहिलाच मोठा सामना आम्ही हरलो. शेजारच्या शहरातलं मोठं क्रीडागृह, कोरडी ठणठणीत लाकडी फरशी, आणि समोर गेल्या वर्षीचा विजेता संघ. एकाहत्तर विरुद्ध अठ्ठावन्न. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिंगपासून पावणेसात मीटरवर एक कमान आखलेली असते. तिच्या बाहेरून बॉल टाकून बास्केट केली तर तीन गुण, आतून केली तर दोन. बाहेरून नेम धरणारीला मोकळं सोडायचं नाही, धावत जाऊन तिच्या तोंडासमोर हात उभा करायचा, हे बचावाचं काम. आमच्या मुलींनी ते केलं नाही. समोरच्यांनी चोवीस वेळा बाहेरून बॉल टाकला आणि तेरा वेळा तो आत गेला. एकोणचाळीस गुण त्यातच गेले.

रविवारचा अख्खा दिवस मी सामन्याची चित्रफीत पाहून तक्ता तयार केला. नियम असा केला की बाहेरून बॉल टाकताना आपली जी मुलगी सगळ्यांत जवळ असेल तिच्या नावावर तो लिहायचा. तक्ता इतका देखणा झाला की मी तो बायकोलाही दाखवला. तेरापैकी नऊ एकट्या सात नंबरच्या नावावर. एक नऊ नंबरच्या, एक बारा नंबरच्या, आणि दोन वेळा जवळपास कोणीच नव्हतं. खाली मी लाल पेनाने शिफारस लिहिली: सात नंबरला संघाबाहेर ठेवावं.

सोमवारी दुपारी मावशींनी हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर चिमट्यांनी ताणून लावली आणि सगळ्या मुली फरशीवर मांड्या घालून बसल्या. कोच मॅडमनी चित्रफीत दाखवली, मी तक्ता वाचला. नऊचा आकडा मी दोनदा वाचला, कारण मागे ऐकू आला नसेल असं मला वाटलं. सात नंबर मान खाली घालून बसली होती. मॅडमनी चित्रफीत बंद केली. मग म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी याच संघाशी त्याच मैदानावर पुन्हा सामना आहे. यादी गुरुवारी लावते."

मंगळवारी सकाळी मी शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होतो. दार वाजलं. समोर मावशी. एकोणीस वर्षांत त्या आमच्या खोलीत कधी आल्या नव्हत्या. हातात घडी घातलेली जर्सी.

"हे काय?" मी विचारलं.

"सात नंबर. पोरीने पहाटे आणून दिली. घरी धुऊन, इस्त्री करून. म्हणते, मावशी, पुढे ज्या मुलीला द्याल तिला सांगा, खांद्याला सैल आहे, आतून दोन टाके घाला." मावशींनी जर्सी माझ्या पेपरांवर ठेवली. "शेवटचं वर्ष आहे तिचं. मला ती कालची फिल्म परत दाखवा."

"मावशी, आकडे समोर आहेत."

"आकडे राहू द्या. फिल्म लावा. आवाज बंद करा."

मला राग आला होता, पण त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती आहे? मी संगणकावर चित्रफीत लावली. मावशी खुर्ची ओढून अगदी पडद्याला नाक लावून बसल्या. बॉल कुठे जातोय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या फक्त खालच्या दोन बोटं रुंद पट्टीत, मुलींच्या पायांकडे बघत होत्या.

"थांबवा. इथे ती थांबली. दिसतंय? टाचा दाबल्यात. आता पुढे घ्या. ही बारा नंबर. हीपण थांबली, आणखी आधी. ही नऊ. ही तर वळलीच." असं त्यांनी मला अर्धा तास नाचवलं. मग खुर्चीत मागे टेकल्या.

"काय झालं?"

"सर, हा माझा कोपरा आहे."

मला काही कळेना. मी कोच मॅडमना बोलावून आणलं. मावशींनी त्यांना समजावून सांगितलं. रिंगकडे पाठ, उजवा हात, कमानीच्या बाहेर. आमच्या हॉलमध्ये तिथे पाणी असतं. सहा वर्षं मावशी मुलींना त्या जागेवर जाण्यापासून अडवत आल्या. आता मुली दुसऱ्या गावच्या कोरड्या फरशीवरही तिथे पोचायच्या आत थांबतात. मध्यंतरानंतर बाजू बदलली तरी पुन्हा त्याच हाताच्या कोपऱ्यात थांबतात. समोरच्या संघाच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी आपली सगळ्यांत चांगली नेमबाज तिथे उभी केली.

मॅडम थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, हे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं असं झालं."

"पण मॅडम, अंगण खरंच ओलं आहे ना."

 मी वही काढली. बॉल कोणावरून गेला हे मी लिहिलं होतं, कुठून गेला ते लिहिलंच नव्हतं. पुन्हा चित्रफीत लावून मोजलं. तेरापैकी अकरा त्या एका कोपऱ्यातून. मी पुन्हा मोजलं. अकराच.

तरीही माझा अहंकार लगेच शरण येईना. ओरडणं कानात जातं, पायात कसं जाईल, असा माझा मुद्दा. पाचला मावशींनी हॉलला कुलूप लावलं, माझा वाद अर्धाच राहिला होता, म्हणून मी बोलत बोलत त्यांच्याबरोबर चालू लागलो. टायरवाल्याचं दुकान, लाँड्री, आणि पुढे पत्र्याची हातभर लांब चावी टांगलेलं एक छोटं दुकान. ते मावशींच्या यजमानांचं. ते कुलपं दुरुस्त करतात आणि चाव्या बनवतात. वरच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. काकांनी कानस खाली ठेवली, हात पुसले आणि आम्हाला वर घेऊन गेले.

मी माझा मुद्दा त्यांच्यापुढे मांडला. काका शांतपणे ऐकून उठले. "सर, हे बघा," म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. उंबऱ्याच्या आतली पहिली फरशी ओलांडली आणि दुसऱ्या फरशीवर थांबले. गॅस तिथून दोन पावलांवर होता.

"पुढे जा ना," मी म्हणालो.

"जात नाहीत पाय. अकरा वर्षांपूर्वी दूध उतू गेलं आणि माझा हात भाजला. तेव्हापासून मी इकडे वळलो की हिची हाक येते. आता गॅस नवीन आहे, ही माहेरी गेलेली असते, घरात चिटपाखरू नसतं, तरी मी इथेच थांबतो. मला चहा येत नाही असं नाही, सर. मला परवानगी नाही."

"अहो, काहीतरीच काय बोलता पाहुण्यांसमोर," मावशी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. चहा ठेवता ठेवता आमच्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या, "पोरीचं मनगट मोडलं तेव्हा कडकन आवाज आला होता, सर. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते, तिथपर्यंत आला. पुन्हा तसा आवाज येऊ नये एवढंच माझ्या मनात होतं. आणि तिचंच नुकसान केलं मी."

माझा वाद तिथेच संपला. मला हरल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं बरं.

"मग यावर उपाय काय?" मी विचारलं.

"सोपा," काका म्हणाले. "हिने जितक्यांदा थांब म्हटलं तितक्यांदा ये म्हणायचं."

मी तिथल्या तिथे हिशेब केला. दिवसाला तीस, वर्षाचे दोनशे दिवस, सहा वर्षं. छत्तीस हजार. "पंधरा दिवसांत उरकायचं तर रोज दोन हजार चारशे वेळा ये म्हणावं लागेल."

"मोठ्याने म्हटलं तर कमी पुरतील," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच मावशी हसल्या.

दुसऱ्या दिवशी मावशींनी सात नंबरला हॉलमध्ये बोलावून जर्सी परत दिली आणि सांगितलं, "टाके तूच घाल. तुझ्याच अंगावर बसायला हवी." गुरुवारी यादी लागली. अकरा नावं शाईने, आणि सगळ्यांत खाली सात नंबरचं नाव पेन्सिलीने. मॅडमनी तिला सरळ सांगितलं, "सामन्याच्या सकाळपर्यंत तुझे पाय त्या कोपऱ्यात गेले तर त्यावर शाई फिरवीन. नाहीतर खोडीन." ती "हो मॅडम" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

नळ दुरुस्त झाला तो शुक्रवारी. मॅडम प्राचार्यांच्या खोलीत गेल्या आणि काय बोलल्या ठाऊक नाही, पण तासाभरात प्लंबर हजर. झिजलेली रबरी चकती बदलली, काम संपलं. सहा वर्षांच्या अर्जांची फाइल मावशींनी प्लंबरला दाखवली. तो म्हणाला, "एवढ्या कागदाने तर पाणी टिपलं असतं."

फरशी कोरडी झाली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मुली धावत यायच्या आणि कमानीपाशी कच खायच्या. मग मावशींनी स्वतःच त्या कोपऱ्यात स्टूल टाकलं. त्या स्टुलावर बसायच्या, उजवा हात वर धरायच्या आणि प्रत्येकीने आतून धावत येऊन त्यांच्या तळव्यावर टाळी द्यायची. ज्या जागेवरून त्यांनी सहा वर्षं मुलींना हाकललं, तिथेच आता "ये, ये गं" चालू झालं.

गंमत अशी की सगळ्यांत जास्त चुका मावशींच्याच होत होत्या. मुलगी वेगाने अंगावर आली की "ये" म्हणता म्हणता त्यांच्या तोंडून "थांब!" निघायचं आणि मुलगी तिथेच रुतायची. मुली हसून लोळायच्या. मावशी कपाळावर हात मारायच्या. मॅडमनी मला त्यांच्या चुका मोजायला बसवलं. पहिल्या दिवशी एकतीस, दुसऱ्या दिवशी चौतीस, तिसऱ्या दिवशी बावीस. सहाव्या दिवशी अकरा. मुली जाताना आपल्या टाळ्या विचारत नसत, "मावशींचे किती झाले?" हे विचारत. एकदा मी आठाऐवजी सात सांगितले. इतक्या वर्षांत मी आकडा खोटा सांगितला तो तेवढाच.

बाकीच्या मुली चार-पाच दिवसांत सुटल्या. अडली ती सात नंबर. ती धावत यायची, कमानीवर पोचायची, आणि तिच्या पायांची बोटं बुटात आवळली जायची. हात पुढे, पाय मागे. तिच्या तळव्यात आणि मावशींच्या तळव्यात अंतर राहायचं. मी टेपने मोजलं, बत्तीस सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी तीस. मग पुन्हा बत्तीस. मावशींचा आवाज बसला. काका रोज गरम पाण्याची बाटली घेऊन हॉलच्या दाराशी येऊन उभे राहायचे, चपला काढून.

दहाव्या दिवशी मावशी वैतागल्या. स्टुलावरून उठल्या आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ. तू पडलीस तर मी आहे. दवाखाना मला पाठ आहे. कितीही वेळ बसेन बाहेर. आता ये बघू."

ती निघाली. कमान आली, गेली. फाटकन टाळी बसली आणि दोघी स्टुलासकट मागच्या भिंतीवर आदळल्या.  मग फरशीवरून मावशींचं हसणं ऐकू आलं आणि अख्खा संघ त्या दोघींच्या अंगावर जाऊन पडला. मी वहीत "शून्य सेंटिमीटर" लिहिलं आणि चष्मा पुसला, कारण अक्षर नीट दिसत नव्हतं.

सामन्याच्या सकाळी मॅडमनी बस सुटण्याआधी पेन्सिलीच्या नावावर शाई फिरवली. मावशी आमच्याबरोबर निघाल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिला नव्हता, कारण हॉल कोणाच्या भरवशावर सोडायचा हा प्रश्न. या वेळी त्यांनी चावी काकांकडे दिली. "हिची दुसरी बनवायची नाही," असं चारचौघांत बजावून दिली.

सामना सुरू झाला आणि चौथ्याच मिनिटाला बॉल त्या कोपऱ्यात गेला. त्यांची उंच नेमबाज तिथे निवांत उभी होती. गेल्या वेळी तिला कोणी हात लावला नव्हता. सात नंबर आतून सुटली. माझ्या शेजारी मावशींनी रुमाल तोंडात कोंबला. सात नंबर कमान ओलांडून गेली, हात वर करून गेली, आणि इतकी गेली की त्या नेमबाज मुलीला घेऊनच कडेच्या बाकांवर पडली. शिट्टी वाजली. फाउल. समोरच्यांना तीन मोकळ्या फेकी.

सगळ्या क्रीडागृहात आमच्या बाजूला सुतकी शांतता, आणि एकट्या मावशी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. पंचांनी वळून पाहिलं. समोरचे लोक कुजबुजायला लागले. मॅडमनी मावशींकडे पाहिलं, मग त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. मग मीही. आपल्याच संघाच्या चुकीला दाद देणारे लोक त्या शहराने आधी पाहिले नसावेत.

त्यानंतर तिला अंतराचा अंदाज आला. ती जायची, हात उभा करायची आणि अंगाला न लागता बाजूने निघून जायची. दुसऱ्याही जाऊ लागल्या. मोकळं उभं राहायची सवय लागलेली ती नेमबाज गोंधळली. त्या कोपऱ्यातून त्यांनी दहा वेळा बॉल टाकला, दोनदा आत गेला. आम्ही बासष्ट, ते सत्तावन्न. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मावशी कुठे दिसेनात. शोधलं तर त्या फरशीवर पडलेलं पाणी स्वतःच्या रुमालाने पुसत होत्या. तिथल्या सफाईवाल्याने हरकत घेतली, तर त्याला मॉप सरळ कसा न्यायचा ते शिकवून आल्या.

परतीच्या बसमध्ये ऊन तिरपं आत येत होतं. मुली गाऊन गाऊन दमल्या होत्या. सात नंबर मावशींच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. मी मागच्या बाकावरून पुढे आलो आणि माझा नवा तक्ता मावशींना दाखवला, या वेळी जागेप्रमाणे केलेला. मावशींनी चष्मा लावला, सावकाश वाचला. मग म्हणाल्या, "तो जुना आहे का जवळ?"

होता. लाल पेनासकट होता. मला तो दाखवायची इच्छा नव्हती, पण दिला.

त्यांनी नवावर बोट ठेवलं. "सर, बॉल टाकताना जी जवळ असेल तिच्या नावावर लिहिलात ना तुम्ही?"

"हो."

"म्हणजे जी गेलीच नाही तिच्या नावावर काहीच नाही."

 मॅडमचा फोन मागून घेतला आणि त्या पहिल्या सामन्याची चित्रफीत लावली. समोरची कोणती मुलगी आपल्या कोणत्या मुलीने राखायची हे त्या दिवशी ठरलेलं असतं, आणि मॅडमनी ते माझ्या वहीत लिहून दिलं होतं. मी ते कधी ताडून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. नऊपैकी तीन बास्केट सात नंबरने राखायच्या मुलीच्या होत्या. उरलेल्या सहा दुसऱ्यांच्या. त्या दुसऱ्या आतच थांबल्या होत्या, आणि ही आपली मुलगी सोडून, अर्धं मैदान कापून, तिथवर धावत आली होती. एक पाऊल कमी पडली, पण पोचली तीच. तिच्यामागे कोणी आलं नाही म्हणून माझ्या तक्त्यात सगळे बॉल तिच्याच नावावर जमा झाले. नमुना कसा निवडावा यावर मी दरवर्षी आठ तास शिकवतो. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मॅडमनीही माझ्या खांद्यावरून पाहिलं होतं. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. मावशी हळूच म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी."

सात नंबरने डोळे न उघडताच विचारलं, "काय झालं?" ती जागीच होती.

मी तिच्या बाकापाशी खाली बसलो. बस हलत होती, म्हणून दांडी धरली. म्हणालो, "बाळा, माझं चुकलं. नऊपैकी सहा तुझ्या नव्हत्याच. तुला हे माहीत होतं?"

"हो, सर."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? मी दोनदा वाचलं. तू जर्सी देऊन मोकळी झालीस."

तिने डोळे उघडले आणि पुढच्या बाकांवर एकमेकींच्या अंगावर झोपलेल्या मुलींकडे पाहिलं.

"सांगायचं म्हणजे चौघींची नावं घ्यावी लागली असती," ती म्हणाली. "तुम्हीपण नका घेऊ हं, सर. आज कशा खूश आहेत."

मावशींनी तिच्या डोक्यावर टपली मारली, तिचं डोकं पुन्हा आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि खिडकीचा पडदा सरकवला. मी लाल पेनाचा कागद फाडायला घेतला, पण फाडला नाही. हल्ली प्रत्येक नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला तो मी फळ्यावर लावतो, नंबर झाकून, आणि मुलांना विचारतो की यातली सगळ्यांत चांगली खेळाडू कोणती.